रवाल चालीची घोडी

घोडी रवाल आहे की नाही हे पाठीवर बसल्याशिवाय कळत नाही, असं लोक सांगतात. साफ खोटं. ते कानांनी कळतं. साधा घोडा दुडक्या चालीनं निघाला की दोन-दोन पाय जोडीनं पडतात, टप-टप, टप-टप, आणि वर बसलेल्याचं बूड दर ठोक्याला खोगिरावर आपटतं. रवाल घोड्याचे चारही पाय वेगवेगळे पडतात. एका बाजूचा मागचा, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा, मग पुढचा. चार ठोके, चारही सारख्या अंतरावर, आणि ते अखंड चालू राहतात. वरचा माणूस खुर्चीत बसल्यासारखा पुढे सरकतो. आमच्या घोडीवर बसून मी एकदा साकोलीच्या बसस्टँडपासून घरापर्यंत कागदी कपात चहा नेला होता. बायकोनं कप हातात घेतला, आत पाहिलं, माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाली, एवढ्यासाठी घोडी पाळली का? मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच.

आता हे ऐटीत सांगतो आहे खरा, पण ती चाल माझ्या हातून गेली. आणि गेल्यावर मी जे केलं, किंवा केलं नाही, ते त्याहून वाईट होतं. ते कुठेतरी उतरवून ठेवावं म्हणून बसलो आहे. बरं वाटेल या आशेनं नाही. बरं वाटायची वेळ निघून गेली.

आमचं घराणं विणकरांचं. वडिलांपर्यंत घरात माग चालले. मी साकोलीत कापडाचं दुकान टाकलं आणि लग्नाचं सामान ठेवू लागलो. शालू, शेले, नवरदेवाचे फेटे, भाड्यानं शेरवान्या. फेटा घ्यायला आलेला माणूस हटकून विचारायचा, भाऊ, घोडीचं काही जमते का? तर जमवायचं ठरवलं. हे झालं दुनियेला सांगायचं कारण. खरं कारण असं की मला लहानपणापासून घोड्याचा नाद होता आणि पन्नाशी आली तरी तो गेला नव्हता.

करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात मी तापीकाठच्या घोडेबाजारात गेलो. मला घोड्यातलं काय कळत होतं? काही नाही. आमच्या भागात कळतं ते बैलातलं. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलाची शिंगं, वशिंड, शेपटीचा गोंडा यांवर आमचा कोणीही माणूस तासभर बोलेल. घोडा म्हटला की आम्ही कोरे. पण त्या बाजारात एक म्हातारा व्यापारी भेटला, काठेवाडचा. त्यानं मला बाजेवर बसवून दोन तास शिकवलं. काठेवाडी जात कशी झाली, तर म्हणे जुन्या काळी समुद्रावरून अरबी घोडे बंदरात उतरायचे, ते तिथल्या गावठी घोड्यांत मिसळले, आणि त्या कोरड्या, उपाशी मुलखानं उरलेलं काम केलं. जे कमी चाऱ्यावर आणि कमी पाण्यावर टिकलं तेच पुढे वाढलं. तिकडे घोड्याचा वंश घोडीवरून मोजतात. अमक्या आजीची नात, तमक्या पणजीची पणती, असं. घोडी घरातली बाई समजतात, विकताना डोळ्यांत पाणी आणतात. म्हाताऱ्यानंही आणलं. ते खरं होतं की धंद्याचं, मला आजही सांगता येत नाही.

ती कुमैत होती, म्हणजे खजुरासारखी लालसर तपकिरी, चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी. कपाळ रुंद, तोंड निमुळतं, आणि कान! काठेवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, इतके की टवकारले की टोकाला टोक लागतं. मागून हाक मारली तर मान न वळवता नुसता कान मागे फिरवायची. म्हाताऱ्यानं तिला मोकळी चालवून दाखवली. तिचे चार ठोके ऐकले आणि मी गेलो कामातून. आमचे वडील पलीकडच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे की मागावर धागा तुटला. तो कान माझ्याकडे आला आहे. त्या चार ठोक्यांत एक धागा तुटलेला नव्हता. ही चाल शिकवावी लागत नाही, म्हातारा म्हणाला, शिंगरू आईच्या मागे चालतं तेच या चालीनं चालतं. शिकवून येत नाही आणि एकदा बिघडली की शिकवून परतही येत नाही.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

घोडी आणली, पण सांभाळायची कोणी? माझा एक शाळूसोबती होता, चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला. साकोलीपासून पाच-सहा किलोमीटरवर त्याचं गाव, गावाला मोठा तलाव, आणि त्याचं अख्खं घर त्या तलावातल्या मासळीवर जगणारं. त्यानं जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. पण मी लहानपणापासून पाहत आलो होतो, जनावर त्याच्याजवळ गेलं की आपोआप शांत होतं. कसं ते विचारू नका. मी त्याला सांगितलं की घोडी तुझ्या आवारात राहील, वराती तू करायच्या, नफा-तोटा दोघांचा. तो घोडीजवळ गेला. मग तिच्या नाकपुडीखाली तळहात धरला. ती त्याचा हात चाटायला लागली, बहुतेक मासळीचा वास होता. तो हसला. म्हणाला, "हे तं माहीच आहे गा."

नंतर करोना आला. लग्नं बंद, वराती बंद, माझं दुकान बंद. माझी झोप उडाली होती आणि हा गडी खुशीत. दोघं दिवसभर तलावावर. काठेवाडच्या कोरड्या मुलखातली ती घोडी, एवढं पाणी तिनं बापजन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आणली तर चारही पाय रोवून फुरफुरत उभी राहिली. यानं ओढलं नाही. स्वतः पाण्यात जाऊन बसला गळ्यापर्यंत आणि तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. चौथ्या दिवशी ती आपणहून उतरली. पुढे पुढे तर अशी चटक लागली की सकाळी सोडली की सरळ पारीवर चढायची. पोटापर्यंत पाण्यात उभी राहून पुढच्या पायानं पाणी उडवायची, डोळ्यांपर्यंत तोंड बुडवायची, बाहेर काढून आमच्यावर झाडायची. मी जायचो तेव्हा मुद्दाम माझ्यावर. कोणाला वाटेल मी वाढवून सांगतो आहे. सांगू द्या, एवढंच तर उरलं आहे.

लग्नं पुन्हा सुरू झाली तशी तिची मागणी वाढली. डीजेच्या भिंतीपुढेसुद्धा ती बिथरायची नाही, कारण तो तोंडाशी चालत असायचा. नालबंद कामठीहून यायचा, दीड-दोन महिन्यांनी एकदा. घोड्याला नाल उभ्यानं मारतात, हे तुम्हाला माहीत असेल, आम्हाला नवं होतं. नालबंद एकेक पाय उचलून आपल्या मांडीवर घ्यायचा आणि तेवढा वेळ हा तिच्या डोळ्यावर तळहात ठेवून कानाशी काहीतरी पुटपुटत उभा राहायचा. काय बोलतोस रे, मी एकदा विचारलं. तलावात कोणती मासळी कुठं आहे ते सांगतो म्हणाला, दुसरं मले काय येते?

मग माझ्या साळ्याच्या मुलाचं लग्न निघालं. साळा जवाहरनगरला, फॅक्टरीत. तिकडच्या क्वार्टरमध्ये मी दोन वर्षं या घोडीच्या बढाया मारत होतो. सासरच्या माणसांपुढे आपलं वजन असावं असं कोणाला वाटत नाही? मी जाहीर करून टाकलं होतं की आमच्या घोडीवर नवरदेव पाण्यानं भरलेला पेला हातात घेऊन मांडवापर्यंत येईल, थेंब सांडला तर नाव बदला. वरात बुधवारची. आणि आदल्या रविवारी तिच्या मागच्या उजव्या पायाची नाल निघाली.

नालबंदाला फोन केला तर तो लग्नसराईत अडकलेला, गुरुवारशिवाय जमणार नाही म्हणाला. त्यात माझ्या सोबत्याला नाकाडोंगरीला जावं लागलं, त्याची लेक बाळंत झाली होती. सोमवारी सकाळी त्यानं घोडीला पाण्यात नेली, आणली, धुतली, पुसली आणि तिला माझ्या घरामागच्या गोठ्यात बांधून गेला. जाताना मला बजावलं. "गुरुवारपर्यंत तिले डांबरी रोडवर काढू नोको. लगनाले दुसरी घोडी पाह्य. नाक काही कापलं नाही जात."

मी हो म्हटलं. अगदी मान हलवून.

मंगळवारी साकोलीला बैलांना नाल ठोकणारा एक माणूस यायचा. हुशार कारागीर, शेकडो बैल त्याच्या हाताखालून गेलेले. मी त्याला घरी बोलावलं. निघालेली नाल शाबूत होती, ठोकून देण्याचं काम फक्त. तो घोडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, मी घोडं कधी केलं नाही भाऊ. मी म्हटलं, चार पायांचं जनावर आहे, बैलाचं करतोस तसं कर. आता बैलाचं कसं करतात? बैलाला उभ्यानं नाल मारत नाहीत. दोर टाकतात, पाय गुंतवतात, दोघं-तिघं मिळून ओढतात आणि बैल पाडतात. बैलाला ते ठाऊक असतं. तो आधी गुडघे टेकतो, मग कुशीवर होतो, मग चार पाय एकत्र बांधले तरी जीभ काढून पडून राहतो. आमच्या भागात जनावराला नाल मारायची म्हणजे जनावर पाडायचं, हे आमच्या हाडात बसलेलं. मी कामठीच्या नालबंदाला वर्ष-दीड वर्ष उभ्यानं काम करताना पाहिलं होतं. तरी त्या माणसानं दोर काढला तेव्हा माझ्या तोंडून नाही निघालं नाही. मला ते रीतीनंच चाललंय असं वाटलं. वरून मीच दुकानातले दोन हमाल बोलावून घेतले, ओढायला.

घोडी गुडघे टेकत नाही. ती लढली. तीन पायांवर उभी राहून लढली, दोर ताणला गेला, आणि मग उभीच्या उभी उजव्या कुल्ह्यावर आदळली. खाली फरशीचा तुकडा होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर ती हलली नाही. नाल ठोकून झाली, दोर सोडला, ती उठली, अंग झाडलं. थरथरत होती, पण उभी होती. मी हुश्श केलं. झालं की नाही काम, म्हटलं. नाल ठोकणाऱ्याचं तोंड उतरलं होतं. हे काही बरं नाही झालं भाऊ, एवढंच बोलून तो गेला.

बुधवारी वरात निघाली. नवरदेवाच्या हातात पेला दिला, सगळे मोबाइल काढून उभे. पहिल्या दहा पावलांत मला कळलं. तीन ठोके आणि एक घासणं. तीन ठोके आणि एक घासणं. पेल्यातलं पाणी शेरवानीवर सांडलं, सगळे हसले, साळा म्हणाला जावईबापूंचं नाव बदला रे. मीही हसलो. तिला तिथेच थांबवायची होती. थांबवली नाही. मांडवापर्यंत, दीड किलोमीटर डांबरी रस्त्यावर, तसंच चालवलं तिला मी.

गुरुवारी सकाळी ती पाय टेकवेना. मी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरांना घेऊन आलो आणि त्याच वेळी माझा सोबती नाकाडोंगरीहून बसनं उतरून थेट गोठ्यात आला, हातात नातू झाल्याची मिठाई. डॉक्टरांनी कुल्हा दाबून पाहिला. सांध्याजवळचा स्नायू आतून फाटला आहे म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, कुठं घसरली होती का?

एवढाच प्रश्न होता. नाही साहेब, मी पाडली, असं सांगायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं आणि म्हणालो, घसरली असेल.

आणि माझ्या मागून हा बोलला. "सोमवारी घसरली होती साहेब. पारीवर, चिखलात. मागचा पाय सटकला होता जरासा, मंग सावरली. मले वाटलं काही नाही झालं." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मार लागतो आणि दोन-तीन दिवसांनी वर येतो. त्यानं मिठाईचा डबा खाली ठेवला आणि घोडीच्या पुढच्या पायाशी बसला. "माह्यानंच झालं," म्हणाला.

मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही हमालांना बोलावून सांगितलं की मंगळवारचं कुठे बोलायचं नाही. नालबंदाला येऊ नको म्हणून फोन केला, आणि सोबत्यानं पायातली नाल पाहिली तेव्हा नालबंद वरातीआधीच येऊन गेला असं सांगून टाकलं. म्हणजे चूक होऊन गेली आणि मी घाबरलो असं म्हणायलाही मला जागा नाही. मी ठरवून झाकलं.

घोडी पाच-सहा महिन्यांत चालायला लागली, पण लंगडत. तिच्या पाठीवर पुन्हा कोणी बसलं नाही. सोबत्यानं तिला आपल्या आवारात नेलं. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून रोज दोन वेळा तो तिचा कुल्हा चोळायचा. आणि तलाव बंद केला. पुन्हा पाय सटकला तर तिचा जीव जाईल, या भीतीनं त्यानं तिला पारीवर चढूच दिलं नाही. हातपंपावरून बादल्या आणून घरी धुवायचा. तलाव त्याच्या दारातून दिसतो. घोडी सकाळी सोडली की लंगडत पारीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची. कान जुळवून पाण्याकडे बघायची. तो जाऊन तिचं दावं धरून तिला परत आणायचा. ती मान ताणायची, तो ओढायचा. मी दर रविवारी जायचो आणि हे बघायचो. नंतर चहा प्यायचो.

एकदा जेवायला थांबलो. वहिनींनी मला मासळीचा रस्सा वाढला, त्याच्या ताटात वांग्याची भाजी. तब्येत बरी नाही का, मी विचारलं. वहिनींनीच सांगितलं. घोडी पहिल्यासारखी चालू लागेपर्यंत मासळी खाणार नाही असं त्यानं देवापुढे बोलून टाकलं होतं. मासळीत जन्मलेला माणूस. पहाटे पाण्यात उतरून जाळ्यातून मासळी काढायची, विकायची आणि घरी येऊन वांगं खायचं. मी हातातला घास परत ताटात ठेवला. काटा लागला का, वहिनी म्हणाल्या. हो म्हटलं.

सांगायचं ठरवून मी दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याच्या घरी पाहुणे होते आणि मला केवढा आनंद झाला त्याचा. दुसऱ्यांदा तो एकटाच शिंगाडे सोलत बसला होता. मी शब्द जुळवत होतो तर तोच बोलायला लागला. दुसरा कोणी असता तर मला दारात उभं केलं नसतं, म्हणाला. तू एवढ्या शौकानं घोडी आणली, माझ्या हातून तिचं वाटोळं झालं आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस. गावात मी सगळ्यांना सांगतो, असा माणूस पाहायला मिळत नाही. आणि खरंच सांगत होता तो. त्याच्या गावात मी गेलो की म्हातारे उठून बसायला जागा द्यायचे. मी शिंगाडे खाल्ले आणि घरी आलो. लाज वाटली का? वाटली. पण खरं सांगू, त्या मानाची थोडी गोडीही लागली होती. हे लिहिताना माझं मलाच किळसवाणं वाटतं.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिच्या पोटात कळ आली. डॉक्टर येईपर्यंत ती बसली, पुन्हा उठली नाही. त्याचा फोन आला तसा मी निघालो. मी पोचलो तर तिचं डोकं त्याच्या मांडीवर. गावकऱ्यांनी तलावाजवळच्या उंचवट्यावर खड्डा केला. आमच्याकडे बैलाला पुरताना करतात तसं तिला नवं कापड टाकलं, ते मी दुकानातून आणलं होतं.

आठ दिवसांनी मी गेलो. दुपारची वेळ होती, तो पारीवर बसून जाळं सांधत होता. मी शेजारी बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, आता मासळी जन्मभर सुटली. घोडी पहिल्यासारखी चालू लागेपर्यंत बोललो होतो, आता ती कशी चालणार? तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. हिशेब बरोबर लागला असं तो सांगत होता. तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. मंगळवार, बैलाचा नालवाला, दोर, दोन हमाल, फरशी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी काय बोललो ते. हमालांना गप्प केलं ते. काही गाळलं नाही.

त्याचे हात थांबले. मला वाटलं आता शिवी देईल, आणि मला ती हवी होती. त्यानं फक्त विचारलं, "पाडलं तवा तिच्या डोळ्यावर कोनी हात ठेवला होता का?"

नाही म्हणालो.

त्यानं मान हलवली. जाळ्यातली सुई काढून पुन्हा घातली. मी म्हणालो की मला माफ कर असं म्हणायलाही माझं तोंड नाही, तर तो जरा वैतागूनच म्हणाला की माफीचं काही नाही. आणि मग बोलला, हळू, थांबत थांबत.

"पाडलं ते मी समजतो. होते मानसाच्या हातून. तुले घोडं कायले समजन, तू बैलाच्या गावचा. पन मी तिले तीन वर्सं पान्यात नाही जाऊ देल्लं गा. रोज सकाळी इथंच खाली उभी राहाची अन् मी तिले ओढून नेत होतो. माह्याकडं पाहे ती." मग पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अन् तू रविवारी येऊन ते पाहून राहिला होतास."

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? सव्वाशे-दीडशे रविवार, चहाचा कप हातात घेऊन, मी ते पाहत होतो.